इस्रोला इतकी वेगवेगळी रॉकेटं कशाला लागतात?

२ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ उडालं. त्यातला उपग्रह होता ४,४१० किलोचा, आणि त्याला घेऊन निघालेलं रॉकेट साधारण ६४० टनांचं. भागाकार करून बघा. उड्डाणाआधी जमिनीवर जेवढं वजन उभं असतं, त्याचा शंभरावा भागसुद्धा मुक्कामाला पोचत नाही. हे काही इस्रोचं अपयश नाही. जगातल्या कुठल्याही रॉकेटचा हिशेब थोडाफार असाच असतो, आणि रॉकेट कळायचं तर आधी हा हिशेब कळायला हवा.

आपल्याला वाटतं की उपग्रह ‘वर’ न्यायचा म्हणजे उंची गाठणं हे मुख्य काम. तसं नाही. शंभर किलोमीटर वर गेलं की अवकाश सुरू झालंच म्हणायचं, पण तिथं नेऊन नुसतं सोडलं तर ती वस्तू सरळ खाली येईल. ती खाली न येता पृथ्वीभोवती फिरत राहायला हवी असेल तर तिला आडवा वेग द्यावा लागतो. पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर, म्हणजे ताशी २७ हजार किलोमीटर लागतो. रॉकेट सरळ वर जाताना दिसतं ते पहिली थोडी सेकंदंच. नंतर ते कलतं, आणि बहुतेक सगळी ताकद या आडव्या वेगासाठी खर्च होते.

हा वेग इंधन जाळून मिळवायचा. पण ते इंधन रॉकेटलाच वाहून न्यावं लागतं, ते वाहायला आणखी इंधन, आणि त्या जादा इंधनासाठी परत आणखी. या फेऱ्यातून थोडी सुटका व्हावी म्हणून रॉकेटचे टप्पे करतात. एका टप्प्यातलं इंधन संपलं की त्याची रिकामी टाकी आणि इंजिन टाकून द्यायचं आणि उरलेल्या हलक्या रॉकेटनं पुढं जायचं. यातून एक गोष्ट निघते जी फारशी सांगितली जात नाही. सगळ्यात वरच्या टप्प्यात एक किलो वजन वाचलं तर उपग्रहाला एक किलो जास्त मिळतो. खालच्या टप्प्यात तेच किलोभर वाचवलं तर फायदा अगदी किरकोळ. म्हणून खालचे टप्पे दांडगे आणि साधे असले तरी चालतात, वरचे टप्पे मात्र हलके आणि नाजूक लागतात. इस्रोची वीस वर्षांची डोकेदुखी या वरच्या टप्प्यातच होती. तिकडं येऊच.

आधी इंधनाबद्दल. इस्रो तीन प्रकारची इंधनं वापरते. पहिलं घन इंधन. ॲल्युमिनियमची भुकटी आणि अमोनियम परक्लोरेट हे एका रबरासारख्या पदार्थात कालवून पोलादी नळकांड्यात ओततात आणि घट्ट होऊ देतात. जळायला लागणारा ऑक्सिजन त्यातच असतो. हे म्हणजे दिवाळीतला बाणच, फक्त १३९ टनांचा. एकदा पेटला की विझवता येत नाही. ताकद प्रचंड, पंप नाहीत, नळ्या नाहीत, पण ताबाही नाही. दुसरं द्रव इंधन. दोन वेगळ्या टाक्यांतली दोन रसायनं एकमेकांना नुसती भेटली की पेट घेतात. ती भयंकर विषारी असतात, पण साध्या तापमानाला साठवता येतात आणि इंजिन हवं तेव्हा बंद करता येतं. तिसरं क्रायोजेनिक. यात उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन आणि उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन. सांभाळायला महाकठीण, पण किलोमागे मिळणारी ताकद घन इंधनाच्या दीडपटीहून जास्त.

इस्रोनं सुरुवात केली ती घन इंधनापासून. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं आणि ते उपग्रह सोडणारं नव्हतं. वातावरणाचा अभ्यास करून ते परत समुद्रात पडलं. पुढं भारतीय घन इंधन तयार करण्यात पुण्याच्या वसंत गोवारीकरांचा वाटा मोठा. मराठी वाचकांना ते मान्सूनच्या अंदाजाच्या सोळा घटकांच्या प्रारूपामुळे जास्त आठवतात, पण त्यांचा मूळ प्रांत रॉकेटचं इंधन हाच. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक होते आणि प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. हे रॉकेट २२ मीटर उंच, १७ टनांचं, चारही टप्पे घन इंधनाचे. उपग्रह नेण्याची क्षमता ४० किलो. आधीच्या वर्षी, १० ऑगस्ट १९७९ ला, त्याचं पहिलं उड्डाण फसलं होतं.

चाळीस किलोत प्रात्यक्षिक होतं, काम होत नाही. त्यानंतर आलेल्या एएसएलव्हीची क्षमता दीडशे किलो होती, पण १९८७ आणि १९८८ अशी त्याची पहिली दोन्ही उड्डाणं समुद्रात गेली. त्या रॉकेटचा उपयोग झाला तो पुढच्यासाठी धडे शिकण्यापुरता.

दुसरीकडे द्रव इंजिनाची सोय वेगळ्याच वाटेनं झाली होती. १९७४ मध्ये फ्रान्सशी करार झाला. फ्रान्सचं वायकिंग इंजिन घडत होतं, आपले अभियंते तिथं जाऊन त्या कामात राबले, आणि मोबदल्यात ते तंत्र भारताला मिळालं. त्यातून जन्मलं ‘विकास’ इंजिन. आज विकासचे भाग आणि पूर्ण इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. घन इंधनाच्या मोटारींची पोलादी आवरणं बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे, एके काळी साखर कारखान्याची यंत्रं बनवणारं. उड्डाणाच्या दिवशी टीव्हीवर श्रीहरिकोटाच दिसतं, त्यामुळे ही गावं कोणाच्या लक्षात येत नाहीत.

आता पीएसएलव्ही बघू, म्हणजे यातली गंमत कळेल. ४४ मीटर उंच, मोठ्या रूपात ३२० टन. त्याचे चार टप्पे खालून वर असे: घन, द्रव, घन, द्रव. असा आलटून-पालटून थर लावलेलं रॉकेट जगात सहसा सापडणार नाही. कोऱ्या कागदावर आखणी करणारा माणूस असं करणारही नाही. पण ऐंशीच्या दशकात इस्रोच्या हातात काय होतं? घन इंधनाचा अनुभव आणि नवं शिकलेलं विकास. मग खाली १३९ टनांची घन मोटार, तिला बाजूनं सहा छोट्या घन मोटारी, त्यावर विकासचा दुसरा टप्पा. तिसरा पुन्हा घन, कारण तो हलका आणि आटोपशीर करता येतो. चौथा मात्र द्रवच हवा होता, कारण शेवटी वेग अगदी नेमका साधावा लागतो आणि त्यासाठी इंजिन नेमक्या क्षणी बंद करता आलं पाहिजे. मला तर पीएसएलव्ही हे हाताशी असलेल्या सामानातून उभं केलेलं सर्वोत्तम भारतीय यंत्र वाटतं.

२० सप्टेंबर १९९३ ला ते पहिल्यांदा उडालं आणि पडलं. टप्पा सुटताना रॉकेट डगमगलं, आणि त्याला सावरणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीतच चूक निघाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये ते यशस्वी झालं आणि मग पुढची जवळजवळ दोन दशकं त्यानं इस्रोचा सगळा संसार ओढला. २००८ मध्ये चंद्रयान-१ त्यानंच नेलं. १५ फेब्रुवारी २०१७ ला एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. त्यातले १०१ परदेशी, बहुतेक सगळे पाच किलोच्या आसपासचे चिमुकले. एकूण वजन १,३७८ किलो. म्हणजे आकडा विक्रमी असला तरी वजन पीएसएलव्हीच्या नेहमीच्या कुवतीतलंच. त्यातली खरी कसरत वजनाची नव्हती, तर एवढे उपग्रह एकामागोमाग एकमेकांवर न आपटता सोडण्याची होती.

पीएसएलव्हीतला ‘पी’ म्हणजे पोलर, ध्रुवीय. हे रॉकेट मुख्यतः अशा उपग्रहांसाठी बनलं जे उत्तर-दक्षिण फिरत जमिनीची छायाचित्रं घेतात. पिकांचा अंदाज, पुराचे नकाशे, धरणांतलं पाणी हे सगळं त्यांच्याकडून कळतं. त्यांना एक खास कक्षा लागते, ज्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी स्थानिक घड्याळाच्या त्याच वेळेला जातो. सावल्या सारख्या पडल्या तर आजचं आणि मागच्या वर्षीचं चित्र ताडून बघता येतं. साधारण ६०० किलोमीटरवरच्या या कक्षेत पीएसएलव्ही पावणेदोन टन नेऊ शकतं.

या कक्षेत जायचं तर श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला उडायला हवं. आणि दक्षिणेला श्रीलंका आहे. माणसं राहतात त्या जमिनीवर रॉकेटचे तुकडे पाडता येत नाहीत. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि पुढं गेल्यावर हवेतच वळण घेऊन दक्षिणेला लागतं. रॉकेटला वळवणं म्हणजे मिळवलेल्या वेगाची दिशा बदलणं, आणि त्यात इंधन वाया जातं. पीएसएलव्ही हे सोसतं. छोट्या रॉकेटला परवडत नाही, त्याची बरीच कमाई वळणातच संपायची. तमिळनाडूत तुतिकोरिन जिल्ह्यात कुलशेखरपट्टणमला दुसरा तळ बांधला जातोय तो याचसाठी. तिथून दक्षिणेला बघितलं तर समोर मोकळा समुद्रच आहे. नव्या तळाच्या बातम्यांत हे कारण क्वचित येतं, पायाभरणीचे फोटोच जास्त येतात.

तो तळ मुख्यतः एसएसएलव्हीसाठी, म्हणजे इस्रोच्या सगळ्यात धाकट्या रॉकेटसाठी. ३४ मीटर, १२० टन, ५०० किलो नेणारं. कमी माणसांत, थोड्या दिवसांत जोडता यावं हा त्याचा हेतू. ७ ऑगस्ट २०२२ चं पहिलं उड्डाण एका चमत्कारिक कारणानं बिघडलं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर हादरे बसले, त्यानं वेगबदल मोजणारी यंत्रं गोंधळली, आणि संगणकानं ती बिघडली असं समजून पर्यायी पद्धत धरली. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी अशा लंबगोल कक्षेत गेले की एका टोकाला ते फक्त ७६ किलोमीटर उंचीवर येत होते, म्हणजे वातावरणातच. फेब्रुवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ ची उड्डाणं नीट झाली.

आता त्या वरच्या टप्प्याकडे. गच्चीवरची टीव्हीची डिश एकाच दिशेला का रोखलेली असते? कारण तिचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीनं फिरत, आपल्या दृष्टीनं एकाच जागी थांबलेला असतो. रॉकेट त्याला थेट तिथं नेत नाही. ते त्याला एका लांबट कक्षेत सोडतं, जिचं दूरचं टोक त्या उंचीला पोचतं, आणि पुढचं काम उपग्रह स्वतःच्या छोट्या इंजिनानं करतो. तरीसुद्धा त्या लांबट कक्षेसाठी लागणारा वेग पीएसएलव्हीला जड जातो; तिथं ते सव्वाचौदाशे किलोच नेऊ शकतं. दळणवळणाचे उपग्रह याहून बरेच जड. म्हणून हवा क्रायोजेनिक टप्पा.

तो विकत घ्यायचा, तंत्रासह, असं ठरलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश संस्थेशी करार झाला. हे क्षेपणास्त्राचं तंत्र आहे असं म्हणत १९९२ मध्ये अमेरिकेनं दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. खरं तर उणे २५३ अंशांचं इंधन उड्डाणाआधी कित्येक तास भरत बसावं लागतं, असलं क्षेपणास्त्र कोण लष्कर ठेवेल? पण दबाव चालला. १९९३ मध्ये रशियानं तंत्र द्यायला नकार दिला आणि सात तयार टप्पे देण्यावर सौदा मिटला. मग इस्रोनं स्वतःचं इंजिन करायला घेतलं.

दरम्यान रशियन टप्पा बसवून जीएसएलव्ही हे नवं रॉकेट उभं केलं. त्याची रचना बघितली की पुन्हा तेच दिसतं, घरात होतं त्यातून भागवणं. मधोमध पीएसएलव्हीचीच १३९ टनांची घन मोटार, बाजूला चार विकास इंजिनं, वरचा दुसरा टप्पाही विकासचा. जगभर बाजूचे बूस्टर आधी संपतात आणि गळून पडतात. इथं उलटं होतं. मधली घन मोटार साधारण शंभर सेकंदांत संपते, बाजूची द्रव इंजिनं दीडशे सेकंद चालतात, आणि तोवर त्या रिकाम्या पोलादी नळकांड्याचं ओझं वाहत राहावं लागतं.

१८ एप्रिल २००१ ला जीएसएलव्ही पहिल्यांदा उडालं आणि नंतर त्याचं गाडं वरचेवर अडलं. इस्रोतच त्याला ‘नॉटी बॉय’ म्हणू लागले. १५ एप्रिल २०१० ला भारतीय क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा नेलं, तर इंधनाचा एक पंप बंद पडला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी रशियन टप्प्याचं उड्डाण होतं; त्यात बाजूच्या इंजिनांकडे आज्ञा नेणाऱ्या तारांचे जोड सुटले, आणि भरकटलेलं रॉकेट हवेतच नष्ट करावं लागलं. ऑगस्ट २०१३ मध्ये उड्डाणाच्या थोडं आधी दुसऱ्या टप्प्यात गळती सापडली. शेवटी ५ जानेवारी २०१४ ला जीसॅट-१४ हा उपग्रह घेऊन भारतीय क्रायोजेनिक टप्पा नीट चालला. करार मोडल्यापासून वीस वर्षं लागली. ‘निर्बंधांमुळे आपलं भलंच झालं’ असं हल्ली ऐकू येतं. मला ते पटत नाही. त्या काळात जड उपग्रह पैसे मोजून परदेशी रॉकेटवरच पाठवावे लागत होते.

याच उशिरातून मंगळयानाची वाट ठरली. २०१३ मध्ये जीएसएलव्हीवर भरवसा नव्हता, म्हणून ५ नोव्हेंबरला १,३३७ किलोचं यान पीएसएलव्हीवर चढवलं. थेट मंगळाकडे फेकण्याची त्याची ताकद नाही. मग यानानं पृथ्वीभोवती फिरता फिरता स्वतःच्या इंजिनानं कक्षा लांबवत नेली आणि १ डिसेंबरला ते मंगळाकडे निघालं.

एलव्हीएम-३ हे त्या मानानं नव्यानं आखलेलं. साडेत्रेचाळीस मीटर, बाजूला प्रत्येकी दोनशे टन घन इंधनाचे दोन बूस्टर, मधे ११० टनांचा द्रव टप्पा, वर नवा क्रायोजेनिक. जमिनीवरून उठताना फक्त बाजूचे बूस्टर पेटलेले असतात. मधली इंजिनं सुमारे ११० सेकंदांनी हवेत पेटतात. आणि ती मधली इंजिनं कोणती? दोन विकास. १९७४ च्या कराराचं पीक अजून निघतंय. चंद्रयान-२ आणि ३ यानंच नेलं. लांबट कक्षेत चार टनांच्या वर नेतं, आणि खालच्या कक्षेत त्याहून जास्त. २४ डिसेंबर २०२५ ला यानं ६,१०० किलोचा अमेरिकन ब्लूबर्ड उपग्रह नेला. २०२५ अखेरपर्यंत याचं एकही उपग्रह-उड्डाण फसलेलं नाही. गगनयानाची माणसं याच्याच खास आवृत्तीवर बसणार आहेत.

उलट ज्याच्यावर डोळे झाकून विसंबावं ते पीएसएलव्ही सध्या अडचणीत आहे. १८ मे २०२५ ला तिसऱ्या टप्प्याच्या घन मोटारीतला दाब घसरला आणि उपग्रह गेला. १२ जानेवारी २०२६ च्या उड्डाणातही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीसच बिघाड झाला. यापूर्वी २०१७ मध्ये फसलं होतं तेव्हा टोकाचं उष्णतारोधक कवच उघडलंच नव्हतं. उपग्रह आतल्या आत सुटला आणि तिथंच अडकला. इंजिनं सगळी ठणठणीत होती.

पुढचा बदल इंधनाचा आहे. तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या इस्रोच्या केंद्रात शुद्ध केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या, दोनशे टन रेटा देणाऱ्या इंजिनाच्या चाचण्या चालू आहेत. एलव्हीएम-३ मधली विषारी इंधनाची विकास जोडी तेव्हा निवृत्त होईल आणि तेच रॉकेट आणखी वजन नेईल. त्यापुढचं रॉकेट सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. खालच्या कक्षेत ३० टनांपर्यंत नेणारं, आणि ज्याचा पहिला टप्पा परत येऊन पुन्हा वापरता येईल असं. आतापर्यंतचे आपले सगळे पहिले टप्पे बंगालच्या उपसागरात गेले. टप्पा परत आणायचा तर उतरण्यापुरतं इंधन त्यात राखून ठेवावं लागतं, आणि तेवढा उपग्रह हलका घ्यावा लागतो. त्यामुळे दर वर्षी किती उड्डाणं होणार, यावर हा सौदा परवडतो की नाही ते ठरेल. त्याच्यासाठीचा तिसरा उड्डाणतळ श्रीहरिकोट्यालाच होतोय. जानेवारी २०२५ मध्ये त्याला ३,९८५ कोटी रुपये मंजूर झाले आहेत.